लंकेला गेलेला दादा

दादा फौजेत का गेला, हे गावात कुणी विचारलं नाही. आमच्या वस्तीतली पोरं कामाला पुण्या-मुंबईकडे जात, एखादा मिस्त्रीच्या हाताखाली राही, एखादा शिकून मास्तर होई. तसाच हा फौजेत गेला, असं सगळ्यांनी धरलं. घरात मात्र आम्हाला कारण ठाऊक होतं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात मी सात वर्षांची होते. विद्यापीठ तिकडे औरंगाबादला आणि आमचं गाव बोरीच्या फाट्यावरून आत, काळ्या रानात. आमच्यापैकी कुणी ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तरी एका दुपारी गावातली माणसं जमावानं वस्तीत आली. आबा रस्त्याच्या गँगवर होते. ते जिंतूरच्या बाजूला खड्डे बुजवायला गेलेले. घरी माय, मी आणि दादा. माय दारात उभी राहिली आणि मला तिनं पाठीमागं पदराखाली ओढून धरलं. आलेल्या माणसांची तोंडं ओळखीची होती. त्यातल्या एकाच्या रानात माय दरसाल खुरपायला जायची. ते तिला काही बोलले नाहीत, बाजूलाही सारलं नाही. तिच्या अंगाला घासून आत गेले. भांडी बाहेर फेकली, ज्वारीची कणगी उपडी केली आणि निघताना छपराला काडी लावली. पाऊस उघडलेला होता, पण छप्पर ओलं होतं. ते जळण्याऐवजी कितीतरी वेळ धुमसत राहिलं.

दादा समोरच्या लिंबाखाली उभा राहून हे सगळं बघत होता. तेरा-चौदा वर्षांचा असेल. त्याला कुणी हात लावला नाही, की त्याच्याकडे बघितलंही नाही. तेच त्याला जास्त लागलं असावं, असं मला आता वाटतं.

आम्ही येलदरीला मामाकडे गेलो. मामा धरणात मासे धरायचा. तिथं काही दिवस राहून परत आलो तेव्हा वस्तीच्या तोंडाला एक पोलीस खाट टाकून बसलेला होता. एकटाच, म्हातारा, पोट सुटलेला. दुपारभर झोपायचा. पण तो होता तोवर गावातलं कुणी आमच्या बाजूला फिरकलं नाही. दादा त्याच्याकडे बघत बसायचा. एकदा मायला म्हणाला, "माय, वर्दी पायजे. वर्दी असली की आपल्या दारात कुणी येत न्हाई."

माय म्हणाली, "आदी धाव्वी पास व्हय."

तो दहावी पास झाला, परभणीला भरती निघाली तेव्हा पळण्यात पहिला आला आणि गेला. पहिल्या सुटीवर आला तेव्हा बोरीपासून चालत येताना त्यानं वर्दी अंगातच ठेवली होती. गावातून, मधल्या रस्त्यानं आला. आमची माणसं एरवी बाहेरून, ओढ्याच्या कडेनं वस्तीत यायची. तो मधून आला आणि कुणी काही म्हटलं नाही. मायनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आबा मात्र त्याच्या बुटांकडेच बघत राहिले.

आबांना आधी फौजेचं एवढं काही नव्हतं. त्यांचा अभिमान जागा झाला तो दादा लंकेला गेल्यावर. त्या उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं, झरीची मुलगी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मेंदी उतरायच्या आत त्याची सुटी संपली. दिवाळीच्या सुमाराला कळलं, त्याची पलटण समुद्रापलीकडे गेली. रेडिओवर रोज शांतिसेना, शांतिसेना म्हणून सांगत. आबांना त्या शब्दानं वेड लावलं. आबांनी ऐन तरुणपणी दीक्षा घेतली होती आणि लंका त्यांच्या लेखी बुद्धाचा देश होता. विहारात भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर तिथल्या बोधिवृक्षाचं चित्र. ते चित्र आबा येईल त्याला दाखवायचे. "पोरगा तितं गेलाय. भगवंताच्या भूमीत. लढायला न्हाई, शांती ठिवायला गेलाय."

गावात पारावर वेगळंच चालायचं. तिथं लंका रावणाची होती. किराणा दुकानवाला आबांना म्हणायचा, "मारुतीरायानंतर आपल्या गावातून तिकडं जाणारा तुमचाच पोरगा." यात टिंगल नसायची. आबा हसायचे आणि घरी येऊन आम्हाला सांगायचे. सरपंचांकडे वर्तमानपत्र यायचं. त्यात लंकेची बातमी असली की ते आबांना हाक मारून पारावर बसवायचे, कुणीतरी वाचून दाखवायचं. गँगवरून दमून आलेले आबा हातपाय धुऊन, टोपी घालून पारावर जायला लागले. जन्मभर त्या पाराच्या खाली उभा राहिलेला माणूस. माय म्हणायची, "लेकरू तिकडं गोळ्या खायलंय अन् ह्यांला पार सापडला." पण ती हे त्यांच्या तोंडावर कधी बोलली नाही.

पुढच्या एप्रिलात जयंतीच्या वेळी दादा सुटीवर आला. वाळलेला होता, मानेपाशी काळा पडलेला. वयनीनं दारातच त्याच्या पायावर पाणी घातलं तर तो दचकून मागं सरला. मग आपणच हसला.

जयंतीच्या सभेत आबांनी त्याला बोलायला उभं केलं. विहारात माणसं मावत नव्हती, बाया बाहेर अंगणात बसलेल्या. आबांनी स्वतः सांगितलं, "आता ह्यो तुमाला बुद्धाच्या देशाची हकिकत सांगंल." दादा उभा राहिला. बराच वेळ पुढच्या पोरांकडे बघत राहिला. म्हणाला, "शिका. मिळून राहा." आणि बसला. लोकांना वाटलं, लाजला. टाळ्या वाजल्या. घरी आल्यावर आबांनी विचारलं, "त्या झाडाचं पान आणतो म्हणला व्हतास ना?"

"आबा, ते झाड लय लांब हाय तितून. आमी वरच्या टोकाला. तिकडं ताडाची झाडं अन् खारं पाणी. तुमचा बुद्धाचा देश खाली ऱ्हायला."

"पण एकच मुलुक हाय ना?"

"एक कुटं हाय," दादा म्हणाला. "त्याच्यापायीच तर भांडण हाय."

आबांना ते समजलं नाही किंवा समजून घ्यायचं नव्हतं. त्यांनी पानाचं पुन्हा विचारलं नाही.

सुटी संपायच्या आधी दादा आणि मी बोरीच्या बाजारला गेलो होतो. वयनीला बांगड्या आणि घरी घासलेट घ्यायचं होतं. येताना ऊन फार झालं म्हणून फाट्याजवळच्या पुलावर, चिंचेच्या सावलीला बसलो. मी अकरावीत होते. मला लंकेचं ऐकायचं होतं, मैत्रिणींना सांगायला. मी विचारलं, "तिकडची माणसं तुमाला मान देत असतील ना?"

तो म्हणाला, "पयल्यांदा हार घातले. खरंच घातले. बाया ओवाळायला आल्या. मंग सगळंच फिरलं. कुणाचं काय फिरलं ते आमाला कुणी सांगितलं न्हाई. ज्यांनी हार घातले त्यांच्यावरच बंदुका धरा म्हणले."

"मग?"

"मंग धरल्या."

घासलेटाचा डबा त्यानं सावलीत सरकवला. मग माझ्याकडे न बघता बोलत राहिला.

"आमच्या पुढची गाडी उडली एकदा. रस्त्यात सुरुंग पुरलेला. त्या गाडीत माज्याच खोलीतली पोरं. हात एकीकडं, पाय एकीकडं. सायेब म्हणले, जवळची घरं झाडून बगा. मी एका घरात गेलो. दारात बाई उभी. मायवानीच, तेवढीच उंच. पाठीमागं तिनं पोरगी लपिवली व्हती. हात जोडून बोलायली कायतरी. मला त्यातलं एकच कळलं, अम्मा. मी तिच्या अंगाला घासून आत गेलो."

मी बांगड्यांचं पुडकं दुसऱ्या हातात घेतलं.

"तांदळाचं पोतं व्हतं. उपडं केलं. काय सापडलं न्हाई. भाईर आलो तर झाडाखाली एक पोरगं उभं. बगायलं व्हतं माज्याकडं. मला ओरडून सांगावं वाटलं त्येला, की अरे मी तसला न्हाई. पण कोणत्या भाषेत सांगणार? अन् मी तसलाच व्हतो की तवा. बूट घालून शिरलो ना."

रस्त्यानं एक एसटी धुरळा उडवत गेली. तो उठला, डबा उचलला. "आबाला सांगू नको. त्यांला लय आनंद झालाय."

तो गेला. त्याची पत्रं आली, त्यात पाऊसपाणी, तब्येत आणि वयनीला वेगळ्या दोन ओळी असायच्या.

कापसाच्या वेचणीच्या दिवसांत तार आली. माय आणि वयनी दुसऱ्याच्या रानात वेचायला गेलेल्या. पोस्टमननं तार आमच्या घरी दिली नाही. तो शाळेत गेला आणि हेडमास्तर ती घेऊन आबांना शोधत रस्त्यावर गेले. मला आठवतं ते एवढंच, की हेडमास्तर आणि आबा दोघं सायकल हातात धरून चालत येत होते. सायकल हेडमास्तरांची, पण धरलेली आबांनी होती. मी दारात होते. आबा म्हणाले, "तुज्या मायला रानातून बलीव. नुसतं बलीव, सांगू नको." मी रानाच्या बांधावर जाऊन उभी राहिले. मायनं माझ्याकडे बघितलं आणि ओटीतला कापूस तिथंच खाली सोडला.

आम्हाला वाटत होतं त्याला आणतील. आला तो कलश. तिकडेच जाळलं होतं. कलश घेऊन त्याच्या पलटणीतला एक जवान परभणीला गाडीतून उतरला, आमच्यापैकीच, साताऱ्याकडचा. त्यानं आबांना सांगितलं, रस्त्यातच स्फोट झाला, लगेच गेला, त्रास झाला नाही. आबा मान हलवत होते. वयनी कोपऱ्यातून उठली आणि म्हणाली, "ह्येच्यात त्येच हायत कशावरनं?"

माझी माय तिला खाली बसवायला लागली. तो जवान म्हणाला, "वहिनी, मी सोताच्या हातानं लाकडं रचली."

"मंग तुमी तोंड बगितलं का त्यांचं?"

तो कलशावरचं कापड सारखं करायला लागला. वयनीनं त्यानंतर कलशाकडे पाहिलं नाही आणि लोक म्हणत होते तशी ती रडलीही नाही.

बोरीच्या फाट्यापासून कलशाची मिरवणूक निघाली. सरपंचांनी आपला ट्रॅक्टर दिला होता, त्याला केळीचे खांब आणि झेंडूची फुलं बांधलेली. शाळेची पोरं रांगेनं पुढं. तहसीलदार आले होते, पोलिसांची तुकडी आली होती. ट्रॅक्टर वेशीतून आत शिरला आणि मधल्या रस्त्यानं, मारुतीच्या देवळासमोरून निघाला. आमच्या वस्तीतल्या लग्नाची वरात त्या रस्त्यानं कधी गेली नव्हती. ओट्या-ओट्यांवर बाया उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. दादाचं नाव घेऊन सगळं गाव "अमर रहे" म्हणत होतं. ती माणसं खरंच रडत होती, हे मी बघत होते. मी ट्रॅक्टरच्या मागं मायचा हात धरून चालत होते आणि माझी छाती भरून आली. अभिमान वाटला. तो पूल, ती बाई, झाडाखालचं पोरगं, सगळं ठाऊक असून वाटला. त्या घोषणा अंगात शिरत होत्या. त्यांच्या बाहेर उभं राहण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं.

शाळेच्या मैदानात कलश टेबलावर ठेवला. एकेक जण हार घालायला पुढं आला. त्यात तो म्हाताराही होता, आमच्या घरात शिरून ज्यानं कणगी उपडी केली होती. आता त्याला काठी लागत होती. माय टेबलाशेजारीच उभी होती. तिनं त्याला ओळखलं. ती एक पाऊल बाजूला झाली आणि त्याला वाट दिली. त्यानं हार घातला, डोळे पुसले आणि आबांसमोर हात जोडले. आबांनीही जोडले.

सरपंच भाषणात म्हणाले, "ह्या वीरानं आपल्या गावाचं नाव सातासमुद्रापार नेलं. त्याचं स्मारक आपण वेशीत उभारू. येणारा-जाणारा त्याचं नाव वाचूनच गावात पाऊल ठेवील." टाळ्या वाजवायची वेळ नव्हती तरी लोकांनी वाजवल्या.

सरपंच खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्या दिवशी त्यांच्या मनात तेच असणार. वेशीजवळ दगडही पडले, पाया खणला. मग गावात सभा झाली. तिथं कुणी वाईट बोललं नाही. कुणीतरी एवढंच म्हणालं, की नाव कशाला, नुसतं 'वीर जवान' लिहू, तो काय एकट्या वस्तीचा आहे, सगळ्या गावाचा आहे. दुसरा म्हणाला, वेशीत बैलगाड्यांना अडचण होईल. तिसरा म्हणाला, आता नामांतराचं वातावरण आहे, वेशीत नाव आलं तर पोरं भडकतील, थोडं थांबू. आबा उठून म्हणाले, "मालक, त्ये नाव विद्यापीठाचं न्हाई, माज्या पोराचं हाय."

"तेच तर आबा," सरपंच समजुतीनं म्हणाले, "म्हणून तर सांभाळून करायचं."

वेशीतला पाया बुजवला. तेच दगड शाळेच्या मागच्या कुंपणाला लागून, वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवर नेले आणि तिथं एक चौथरा बांधला. समोरच्या बाजूला नावाच्या फरशीसाठी चौकोन सोडला. फरशी नंतर बसवू, म्हणाले. त्या चौकोनात सरड्यांनी घर केलं. संध्याकाळी पोरं चौथऱ्यावर बसून गोट्या खेळायची. आबांनी त्यांना कधी हाकललं नाही.

आबा दर महिन्याला जिंतूरला कचेरीत जायला लागले. साहेब बदलत, उत्तर तेच असे: गावानं ठराव पाठवावा. गावात म्हणत: वरून हुकूम आणा. लंकेतून फौज परत आली तेव्हा ते जिंतूरलाच होते, तिथंच कुणाच्या तरी रेडिओवर ऐकलं. परत आल्यावर पारावर गेले. तिथं गावातला एक कॉलेजातला पोरगा बोलत होता, "काय मिळालं तितं जाऊन? कुणी बोलावलं व्हतं? त्यांनी बी हाकलून दिलं अन् ह्यांनी बी." त्याचा रोख आबांकडे नव्हता, त्याला आबा आल्याचं दिसलंही नसेल. आबा पारावर चढलेच नाहीत. घरी येऊन टोपी खुंटीला लावली. वर्तमानपत्र ऐकायला पुन्हा गेले नाहीत आणि त्यांना कुणी हाकही मारली नाही.

वयनीला मायनंच झरीला पोचवलं. तिची उमर काय होती? माय तिच्या बापाला म्हणाली, "हिला बशीवू नका. बघा एखादं ठिकाण." दीड-दोन वर्षांनी तिचं लग्न लागलं, एका शिंप्याच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाशी. माय लग्नाला गेली, लुगडं घेऊन. आबा गेले नाहीत. मी नंतर एकदा परभणीच्या स्टँडवर वयनीला भेटले, कडेवर पोर होतं. आम्ही बराच वेळ बोललो, दादाचं सोडून सगळं बोललो.

मी मास्तरीण झाले. जवळच्याच एका खेड्यात नेमणूक मिळाली. ऐन संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला तेव्हा आमच्या वस्तीत पणत्या लागल्या, पोरांनी गुलाल उधळला. म्हाताऱ्या बाया नाचल्या. आबाही विहारासमोर उभे राहिले होते, पण गुलाल लावून घेतला नाही. गावाच्या बाजूला दिवे बंद होते. पोलीस आले, शाळा काही दिवस बंद राहिल्या, म्हणून मी घरीच होते.

दोन-तीन दिवसांनी सकाळी आबा बादली घेऊन निघालेले दिसले. मी मागोमाग गेले. चौथऱ्यावर शेण फासलं होतं, त्यावर काळं तेल ओतलेलं. पहारीनं एक कोपरा उडवला होता. नावाचा चौकोन दगडमातीनं भरून टाकलेला. त्या चौकोनात कुणाचं नाव कधी लागलंच नव्हतं, तरी तोही सोडला नव्हता. आबा गुडघ्यावर बसून नारळाच्या शेंडीनं घासायला लागले. तेल निघत नव्हतं, पसरत होतं.

मी म्हटलं, "आबा, राहू द्या आता."

"राहू दिऊन कसं जमंल?"

मला राग आला होता, कुणाचा ते सांगता येत नाही. मी म्हटलं, "दादाला हे काहीच नको होतं. तो तिकडं सुखात नव्हता, आबा. त्याला अभिमान नव्हता. मला सांगितलं होतं त्यानं."

आबांचा हात थांबला. "त्या बाईचं म्हणतीस का?"

मी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"मला बी सांगितलं व्हतं. जायच्या दिवशी, ष्टँडवर. गाडी लागली व्हती अन् हा बोलतच बसला. कंडक्टरनं घंटी मारली तवा चढला."

"मग तुमी इतकी वर्षं हे सगळं... जिंतूरला जाणं, पारावर..."

"मंग काय म्हणू, बाई?" ते चिडले नव्हते. शेंडी बादलीत बुडवत म्हणाले, "पोरगा कशापायी गेला म्हणून लोक इचारतेत. देशापायी म्हणलं की गप बसतेत. मी बी गप बसतो. दुसरं काय म्हणलं असतं तर मला गप बसता आलं असतं का?"

थोड्या वेळानं म्हणाले, "त्यो तर म्हणला व्हता, आबा मी परत जात न्हाई. मीच म्हणलो, गाव काय म्हणंल. जा."

हे मात्र मला ठाऊक नव्हतं. आबा घासत राहिले. मी दुसरी बादली आणायला गेले आणि विहिरीवर जरा जास्तच वेळ थांबले. परत आले तर ते म्हणाले, "तुज्या मायला ह्येतलं काय ठाव न्हाई. सांगू नको."

पुढच्या आठवड्यात सव्वीस जानेवारी होती. दर वर्षी हेडमास्तर आबांना झेंड्याला बोलवायचे, खुर्ची द्यायचे आणि माईकवर दादाचं नाव घ्यायचे. कलशाच्या दिवसानंतर दादाचं नाव गावात मोठ्यानं घेतलं जायचं ते तेवढंच. त्या सकाळी बोलावणं आलं नाही. आबा उठले, आंघोळ केली आणि परत गोधडीवर पडले. "मी येत न्हाई," म्हणाले.

माय धुतलेलं लुगडं नेसून तयार होती. ती देशाबिशाचं कधी बोलायची नाही. मला म्हणाली, "चल. नाव घेतेत तेवढं ऐकून येऊ."

आम्ही मैदानाच्या कडेला, पोरांच्या रांगेमागं उभ्या राहिलो. खुर्ची नव्हती. झेंडा लागला, कवायत झाली. हेडमास्तर माईकसमोर आले. नेहमीचे तेच, भला माणूस, निवृत्तीला आलेला. त्यांची नजर आमच्याकडे गेली आणि त्यांनी ती वळवली. म्हणाले, "देशासाठी ज्या ज्ञात-अज्ञात वीरांनी प्राण वेचले, त्या सर्वांना वंदन करू या." सरपंच पहिल्या खुर्चीवर बसले होते. पोरांना बुंदी वाटली. एका पोरीनं मायच्या हातावरही थोडी ठेवली.

घरी आलो. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच पडून त्यांनी विचारलं, "घेतलं का?"

"घेतलं," माय म्हणाली. "दोनदा घेतलं."

तिनं बुंदी वाटीत काढून त्यांच्या उशापाशी ठेवली आणि चुलीकडे गेली. माझी बंद शाळा दुसऱ्या दिवशी उघडणार होती, मला दुपारच्या गाडीनं जायचं होतं, मी पिशवी भरायला लागले.

आबा त्यानंतर झेंड्याला कधी गेले नाहीत आणि जिंतूरलाही नाही. गँगवरून रिटायर होऊन वर्षभरात ते गेले. माय मात्र दर सव्वीस जानेवारीला जात राहिली, चालवत होतं तोवर. घरी आल्यावर काय ऐकलं ते ती सांगत नसे आणि मीही विचारलं नाही.